उभ्या गाडीचा आवाज

आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही होतात तोवर तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. लिहिलं असतं तरी ते वाचून दाखवायला मलाच तुमच्यासमोर बसावं लागलं असतं, आणि मधेच तुम्ही म्हणाला असतात, "तोंडानं सांगायचं ते सोडून कागुद कशाला नासला?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्या वयाला मीच येऊन पोचले आहे. गुडघे तुमच्यासारखेच वाजतात. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. आणि अलीकडे भाजी चिरता चिरता हात थांबतो आणि आपली ती काळी मोटार डोळ्यांपुढे येते, बॉनेट उघडलेली, आणि तिच्यात कमरेपर्यंत वाकलेल्या तुम्ही, पाठमोऱ्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. सासूबाईंनी मोटार दुरुस्त केली त्याची गोष्ट म्हणून मी ही हकिकत पुष्कळांना सांगितली आहे. लग्नघरात, भिशीत, कुठेही. लोक पोट धरून हसतात, आणि मीही हसवायलाच सांगते. पण एकदा ती जशी झाली तशी, हसू न आणता, सांगून बघावी असं फार मनात येतं आहे, आणि ती तशी ऐकून घेईल असं तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

मोटार आली ती कशामुळे, हे हसवून सांगताना मी वगळते. तुम्हाला ते सांगायला नको, पण लिहायला बसले आहे तर लिहितेच. माझ्या पहिल्या खेपेला राहुरीच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की मूल पायाळू आहे, नगरला न्यावं लागेल. कळा सुरू झाल्या तेव्हा मळ्यातून निघायला आपल्याकडे बैलगाडीच होती, हे हाकणारे, मागे तुम्ही आणि मी. गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं, नगरची एसटी निघून गेली होती, आणि दुसरी कुठली गाडी मिळायच्या आत रस्त्याकडेच्या बाभळीखाली सगळं झालं. मुलगा होता. तो रडला नाही. तुम्ही त्याला उलटा धरलात, पाठ चोळलीत, तोंडात फुंकर घातलीत. तो रडला नाही. मग तुम्ही पदर पाण्यात भिजवून त्याला पुसलंत, अगदी कानांच्या मागेसुद्धा, जिवंत मुलाला पुसतात तसं, सावकाश. कितीतरी दिवसांनी, मी अंगणात बसले होते तेव्हा, तुम्ही येऊन म्हणालात, "परत दिवस जातील तुला. पन दुसऱ्याच्या गाडीची वाट बघायची न्हाई आता." आणि पुढच्या उन्हाळ्यात ह्यांनी श्रीरामपूरच्या एका वकिलाकडून ती जुनी मोटार घरी आणली.

जुनी म्हणजे किती जुनी! वकिलाच्या आधी तिने कोणाकोणाचा संसार केला होता देव जाणे. एक दार आतूनच उघडायचं, मागच्या सीटमधून काथ्या बाहेर डोकावायचा, आणि बॅटरी इतकी म्हातारी की दोन-तीनदा सेल्फ मारला की तिने मान टाकलीच. मग समोर जाऊन हँडल फिरवायचं. पण एकदा चालू झाली की चालायची. ह्यांनी साखर कारखान्यातल्या एका ड्रायव्हरच्या हातापाया पडून चालवायला शिकून घेतलं आणि मला उभ्या गाडीत बसवून कुठला पेडल कशाचा ते शिकवलं. देवळालीच्या बाजारात गाडी नेली की पोरं मागे धावायची. दुष्काळाच्या आदल्या सालातली ही गोष्ट. दसरा आला तेव्हा मला पुन्हा आठवा लागला होता, आणि डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून पुन्हा तेच सांगितलं होतं: पायाळू दिसतंय, कळा आल्या की लगेच नगर.

खंडेनवमीला आपल्याकडे औतं, विळे, कोयते, विहिरीवरचं इंजिन, सगळं धुऊन पुसून पूजेला लागायचं. त्या वर्षी मोटारीची पहिलीच पूजा. ह्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ वाढवला. तुम्हाला काही ते पटेना. "नांगराची पूजा करताना कुकू फाळाला लावत्यात का हातात धरायच्या रुमन्याला?" तुम्ही विचारलंत. "जिथं काम हुतं तिथं हात जोडावा." तुमच्यापुढे कोणाचं चाललंय! बॉनेट उघडलं गेलं. इंजिनाला हळद-कुंकू लागलं, अक्षता पडल्या, आणि झेंडूचा हार घालायची वेळ आली तेव्हा तो अडकवायचा कुठे, असा प्रश्न पडला. इंजिनावरून मागच्या पत्र्यापर्यंत एक काळी रबरी नळी आडवी गेली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. काचेवरचा पाऊस पुसणारा वायपर त्या जुन्या गाडीत इंजिनाच्या ओढीवर चालायचा, त्याची ती नळी. पण पाऊस संपला होता, वायपर कोणाला हवा होता? तुम्ही त्या नळीला हार बांधलात, सुतळीने, दोन चांगल्या गच्च गाठी मारून, कारण गाडी खड्ड्यांतून जाणार आणि देवाचा हार वाटेत पडलेला तुम्हाला खपला नसता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. पळताना ठीक. पण कुठे थांबली, पायाचा दाब काढला, की अंगात हीव भरल्यासारखी थरथरायची. भक भक करायची, मधेच एक ठोका चुकायचा, पुन्हा दोन ठोके घाईघाईने पडायचे, स्टीअरिंग हातात नाचायचं, आणि मग ती गप्प. "मिसिंग करतीय," हे म्हणायचे, "स्लो धरत नाही." म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन हळू चालत राहायला हवं, ते राहत नव्हतं. राहुरीचा मिस्त्री बिचारा दोनदा येऊन गेला. त्याने प्लग घासले, कार्बोरेटर उघडून साफ केला, एक स्क्रू फिरवून इंजिनाचा वेग जरा वाढवून दिला. दोन दिवस बरं चालायचं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तो काम नीटच करत होता. पण बॉनेट उघडलं की आधी हाराला हात लावून तो हात कपाळाला लावायचा, हाराची लोंबती टोकं अलगद वर उचलून ठेवायचा, आणि काम झालं की जशीच्या तशी खाली सोडायचा. हाराखाली काय आहे हे बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. देवाच्या हाराखाली कोण बघतं?

मला एवढंच दिसत होतं की हार वाळून कोळसा झालाय आणि पाकळ्या इंजिनावर गळताहेत. मी एकदा म्हटलं, काढून टाकूया का. शेजारची बाई ताक न्यायला आली होती, तिच्यादेखत तुम्ही कडाडलात, "वाळला म्हून देव शिळा झाला व्हय? दिवाळीला नवा घालू, तवा काढू. आल्या मोठ्या शान्या!" मी चुलीपुढे जाऊन बसले आणि भाकरी थापता थापता डोळ्यांतून पाणी काढायला लागले. तुम्ही मागून आलात. मला वाटलं आता जवळ घ्याल. तुम्ही म्हणालात, "आदी ती तव्यावरची उलथ. करपली का खायाला मीच हाय." तुम्ही अशाच होतात. आणि तरी ह्यांनी गाडी अंगणात आणून उभी केली आणि ती भकभकून बंद पडली, की तुमची नजर सरळ माझ्या पोटावर जायची. नगरच्या वाटेवर राहुरीचा बाजार होता, उसाच्या गाड्यांच्या रांगा होत्या, रेल्वेचं फाटक होतं. जिथे थांबू तिथे गाडी मरणार, ह्यांनी खाली उतरून हँडल मारत बसायचं, आणि मागे मी. तुम्ही बोलत नव्हतात, पण रात्रंदिवस हेच तुमच्या डोक्यात चाललं होतं. माझ्याही.

दिवाळी तोंडावर आली होती. हे कारखान्यावर गेले होते, गाळपाची तयारी जोरात होती. दुपारची वेळ. मी ओट्यावर तांदूळ निवडते आहे. तुम्ही गोठ्यातून हात पुसत येता, मोटारीपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहता, एखाद्या आडमुठ्या बैलापुढे राहावं तशा, आणि म्हणता, "चल, बस आत. पाय ठिवायचं ठावं हाय ना तुला?" मी बसले. पोट स्टीअरिंगला टेकत होतं. तुम्ही खिडकीशी आलात. "ह्येला जळायला काय लागतं?"

"पेट्रोल," मी म्हटलं. मॅट्रिकपर्यंत शिकले होते, तेवढं माहीत होतं. "आणि हवा. दोन्ही मिसळून आत जातात, आत पेटतात."

"आन धूर मागनं."

"हो."

"मंग चुलवानच की ह्ये," तुम्ही म्हणालात आणि बाह्या वर सारल्यात.

मी लग्न होऊन आले तेव्हा आपलं गुऱ्हाळ बंद होऊन गेलं होतं. ऊस कारखान्याला जायला लागला होता. काहिलीखालच्या त्या मोठ्या भट्टीचा, चुलवाणाचा, नुसता खड्डा उरला होता आणि त्यात कोंबड्या माती उकरायच्या. पण माहेरी आणि सासरी मिळून तुमचं अर्धं आयुष्य त्या भट्टीच्या तोंडाशी गेलं होतं, जाळ घालण्यात. गूळ बिघडला की सगळे उसाला नावं ठेवायचे आणि तुम्ही भट्टीभोवती चक्कर मारून यायचात, असं हे सांगायचे. मी ऐकलं होतं, पाहिलं काहीच नव्हतं.

पहिल्यांदा तुमचं चुकलं. तुम्हाला वाटलं धुराडं तुंबलंय. सायलेन्सरच्या नळीत तुम्ही काठी घालून ढवळलंत आणि मला म्हणालात, दाब. मी दाबलं. काजळीचा एक लोट थेट तुमच्या तोंडावर आला. तुम्ही ठसकत, डोळे पुसत माझ्या खिडकीशी आलात, आणि तो काळा चेहरा, त्यातले ते लाल डोळे बघून मला हसू आवरेना. वाटलं, आता माझी काही धडगत नाही. तुम्ही म्हणालात, "हास, हास. पोराला कळू दे आपली आई हासती बी." इंजिन मात्र होतं तसंच भकभकत होतं, आणि मग बंद पडलं. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. तर तुम्ही हँडल घेतलंत! अंगठा दांडीभोवती गुंडाळायचा नाही, नाहीतर उलटा फटका बसून मोडतो, हे तुम्ही मुलाकडे बघून बघून शिकला होतात. एक हिसका, दुसरा हिसका, आणि गाडी चालू. त्या क्षणापासून मी हसायची थांबले.

"पाय दाब." मी दाबते. इंजिन गुरगुरतं, छान एकसारखं. "सोड." मी सोडते. धडपड, ठेच, धडपड. ते पडायच्या आत तुम्ही पुन्हा म्हणता, "दाब." तुमचे डोळे मिटलेले आहेत, एक हात चाकावरच्या पत्र्यावर पसरून ठेवलेला. हे किती वेळ चाललं कोण जाणे, माझी पोटरी भरून आली. मग तुम्ही डोळे उघडलेत.

"मोठ्या जाळाला भोक कळत न्हाई," तुम्ही म्हणालात. "बारीक जाळाला कळतं."

मी म्हटलं, म्हणजे?

"आगं, गूळ हुत आला का जाळ बारीक करावा लागतो. भट्टीला कुटं चीर पडली आसली, तर मोठा जाळ हाय तवर काय बी वाटत न्हाई. पन बारीक केला का त्यो चोरून आलेला वारा जाळाला खातो. एका अंगानं इझतंय, एका अंगानं भडकतंय. ही बी तसंच करती. दारातनं वारा घेती ती घेती, आजून कुटनं तरी चोरून घेती हाय."

आत्याबाई, पुढे लेक इंजिनिअरिंगला गेली तेव्हा तिने मला कागदावर आकृती काढून हेच समजावून दिलं. इंजिन सावकाश चालत असतं तेव्हा आत हवा मोजकीच जात असते, म्हणून थोडी जरी भलतीकडून शिरली तरी सगळं प्रमाण बिघडतं. वेगात असताना तेवढ्याने काही होत नाही. मी तिला म्हटलं, कळलं बाई, मला हे पूर्वीच कळलंय. पण त्या दुपारी आकृती नव्हती, पुस्तक नव्हतं. विझून गेलेल्या भट्टीपुढे घातलेली वर्षं होती, आणि ती तुम्ही आयुष्यात कधी आतून न पाहिलेल्या यंत्राला लावून बघत होतात. मी सीटवर बसून तुमच्याकडे बघत होते.

"चीर कशी शोधायची मग?" मी विचारलं.

"धूर धरून."

तुम्ही घरात गेलात आणि देवघरातून पेटती उदबत्ती घेऊन आलात. मी ओरडलेच, पेट्रोल आहे, भडका उडेल! तुम्ही शांतपणे पेट्रोलचा डबा उचलून गोठ्यामागे नेऊन ठेवलात, पाण्यात बुडवलेलं पोतं पत्र्यावर टाकलंत. "मला बी जीव हाय. आन तुझ्याजवळ दोन हायेत. काय बी वाटलं तर दार उघडून पळायचं, माझ्याकडं बघायचं न्हाई." आज कोणी असं करायला निघालं तर मी त्याचा हात धरीन. त्या दिवशी नाही धरला. बंद पडणाऱ्या गाडीची भीती त्या भडक्याहून मोठी होती, तुम्हालाही आणि मलाही.

आधी इंजिनाचा पंखा धूर नुसता उधळून लावत होता. तुम्ही सूप आणलंत आणि पंख्याला लागणार नाही अशा बेताने डाव्या हाताने आडवं धरलंत. मग सुपाच्या आडोशाला उदबत्तीचा धूर सरळ वर चढायला लागला. उघड्या बॉनेटखालच्या फटीतून मला इंजिनाची एक पट्टी तेवढी दिसत होती, आणि त्या पट्टीत तुमचा हात. तुम्ही उदबत्ती एकेका जोडाजवळ नेता, थांबता, पुढे सरकता. धूर सरळ. धूर सरळ. माझा पाय पेडलवर जेमतेम टेकलेला, गाडी मरू नये एवढाच. तुमचा हात हाराजवळ आला आणि धूर वाकला. वर जायचा सोडून तो आडवा झाला, दोऱ्यासारखा बारीक झाला, आणि त्या वाळलेल्या झेंडूत शिरला. बाहेर आलाच नाही. तुम्ही हात थोडा मागे घेतलात, पुन्हा पुढे नेलात. हार धूर पीत होता. एक कणही बाहेर सोडत नव्हता. मी मॅट्रिक झालेली बाई, पण त्या क्षणी मला वाटलं की देवाने धूप घेतला, देव पावला, आणि स्टीअरिंगवरचे दोन्ही हात काढून मी ते जोडले.

तुम्ही फटीतून माझ्याकडे पाहिलंत. "हात कशाला जोडती? देव न्हाई त्यो. भोक हाय."

आणि असं म्हणता म्हणताच तुमच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं. काय भोक, कुठे, कोणाच्या गाठीखाली, हे तुमचं तुम्हालाच त्या वाक्याच्या शेवटी उमगलं. उदबत्तीची राख तुमच्या मनगटावर पडली, तुम्ही झटकली नाहीत. मग उदबत्ती बाजूला मातीत खोचलीत, बोट हाराखाली घातलंत आणि दाबलंत. इंजिन सरळ झालं. एका क्षणात, थरथर नाही, ठेच नाही. बोट काढलंत, धडपडायला लागलं. पुन्हा दाबलंत, पुन्हा शांत. इतक्या दिवसांची आमची झोप उडवणारी ती अख्खी मोटार तुमच्या एका बोटाखाली गप्प बसली होती. आयुष्यात मी पुढे बरंच काही पाहिलं, समुद्र पाहिला, विमानात बसले, पण एवढं थक्क होऊन मी पुन्हा कशाकडे पाहिल्याचं आठवत नाही.

हार सोडवताना तुम्ही विळा लावू दिला नाहीत, नखांनीच गाठी सोडवल्यात. सुतळीने जुन्या रबराला खालच्या बाजूने अर्धं कापलं होतं. फाटलेला शेंडा तुम्ही विळीवर छाटलात, नळी लांब होती, चांगलं टोक पुन्हा इंजिनाच्या तोटीवर घट्ट बसवलंत. मग पुन्हा हँडल. गाडी चालू झाली. मी पाय काढून घेतला आणि ती तशीच चालत राहिली, गोठ्यात गाय रवंथ करते तसा आवाज. आपण दोघी ऐकत उभ्या होतो, म्हणजे तुम्ही उभ्या, मी बसलेली. मला आनंदाने रडू येत होतं. तुम्ही हसला नाहीत. "ह्यो हार म्या बांधला हुता," एवढंच म्हणालात. मी घाईने म्हटलं, "असू द्या, नळी जुनीच होती, ह्यांना काही सांगायचं कारण नाही." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी तोंड मिटलं.

संध्याकाळी हे आले, गाडी चालू करून पाहिली आणि नाचायचे तेवढे बाकी राहिले. "मिस्त्री येऊन गेला का?" तुम्ही परातीतलं पीठ तसंच ठेवून बाहेर आलात. "मिस्त्री न्हाई. माझ्या गाठीनं नळी फाडली हुती. ही हार काडू म्हनली तर मी हिला चारचौघांत बोलले. ही बरुबर हुती, मी चुकले." ह्यांना कुठे बघावं कळेना. मलाही. त्या काळात, आपल्या त्या पंचक्रोशीत, सासूने मुलासमोर सुनेला 'तू बरोबर होतीस' म्हटलेलं मी ना माहेरी ऐकलं होतं ना सासरी, आणि तुम्हाला ते म्हणताना एवढासा त्रास झालेला दिसला नाही. म्हणालात आणि आत जाऊन भाकरी थापायला लागलात. दुसऱ्या दिवशी तो वाळका हार ओंजळीत घेऊन कालव्याच्या पाटावर गेलात आणि हात जोडून पाण्यात सोडलात, कारण चूक तुमची होती, हाराची नव्हती. धुराने मी जितकी थक्क झाले त्याहून जास्त या गोष्टीने झाले. घरात माझ्या हातून चूक झाली आणि ती लपवायचा मोह झाला, की पीठ लागलेल्या हाताने ओसरीवर उभ्या राहिलेल्या तुम्ही दिसता. दर वेळी जमलं असं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी, तुम्ही धार काढत होतात तेव्हा, कळा सुरू झाल्या. हे घरीच होते. तुम्ही माझ्याबरोबर मागे बसलात. राहुरीच्या बाजारात थांबलो, गाडी चालत राहिली. उसाच्या गाड्यांमागे थांबलो, चालत राहिली. आणि नगरच्या अलीकडे रेल्वेचं फाटक आमच्या डोळ्यांदेखत खाली आलं. ह्यांनी गाडी उभी केली, पाय काढला, आणि मान न वळवता बसून राहिले. मालगाडी होती, संपता संपेना. कळ आली तसा मी तुमचा हात आवळला. शेजारी एक बैलगाडी, दोन सायकली, सगळे थांबलेले, आणि त्या सगळ्यांत आपल्या मोटारीचा तेवढा हलका, एकसारखा आवाज. तुम्ही माझ्या कानाशी वाकलात. "ऐक," म्हणालात. "तिकडं ध्यान दे. ती थांबत न्हाई." मी ऐकत राहिले. देवाचं नावही घेतलं नाही मी, फक्त ऐकत राहिले. शेवटचा डबा गेला, फाटक वर झालं, आणि मोटार काही झालंच नाही अशी पुढे निघाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्या पायाळू बाळाला कसं सोडवलं ते त्यांचं त्यांना माहीत. पण लेक रडली. अशी रडली की बाहेर तुम्हाला ऐकू गेलं असणार, तरी तुम्ही नर्सला अडवून विचारलंत, "रडलं ना?" ती म्हणाली, "मुलगी झाली आजी." तुम्ही म्हणालात, "त्ये कोन इचारतंय? रडलं का सांग." नर्सने हे मला हसत हसत सांगितलं होतं, आणि मी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

आता हे नाहीत. लेक पुण्याला, तिचे केस माझ्याहून जास्त पिकलेत. तिची नवी गाडी सिग्नलला थांबली की इंजिन आपलं आपणच बंद होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी तिचा दंड धरला, बंद पडली म्हणून. ती म्हणाली, "अगं आई, पेट्रोल वाचवायला ती मुद्दामच थांबते, पाय उचलला की पुन्हा चालू." आता मला ते माहीत आहे. तरी प्रत्येक सिग्नलला ती शांतता येते आणि माझा श्वास अडकतो, इंजिन पुन्हा लागेपर्यंत. तिला वाटतं मला तिच्या गाडी चालवण्याची भीती वाटते. हार, उदबत्ती, फाटक, सगळं तिला पाठ आहे. "पण नगरला जायची एवढी कसली धास्ती होती तुम्हाला?" असं ती विचारते, आणि मी म्हणते, पहिलटकरीण होते, घाबरले होते. तिच्या आधी एक होता हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. हसवायच्या गोष्टीत त्याला कुठे बसवायचं ते कळलं नाही, आणि मग सांगायचं वय निघून गेलं, तिचंही आणि माझंही. त्याला पाहिलेली माणसं तीनच. त्यातली मी एकटी उरले आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. तुम्ही त्याला पुसत होतात तेव्हा तुम्हाला वाटलं मला शुद्ध नाही. मला शुद्ध होती. मी पडल्या पडल्या बघत होते, आणि तुम्ही त्याचे कान पुसेपर्यंत मी त्याला एक नाव ठेवलं होतं. ते कधीच कोणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही, तुम्हालाही नाही. इथे लिहीन असं वाटलं होतं, पण हात चालत नाही. आत्ता मात्र एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. घरात कोणी नव्हतं.